अठरावं कलम

कागलच्या हौसाक्का मगदूम शिकलेल्या चौथी, पण त्यांचा कांदा-लसूण मसाला पार नागपुरापर्यंत जायचा. कारखान्यात साठ बाया होत्या, आणि कढई कधी उतरवायची ते अक्कांच्या नाकावर ठरायचं.

एकदा मुंबईच्या गुंतवणूक फंडाचे सबनीस साहेब आले. म्हणाले, "पैसा आम्ही घालतो. साठ टक्के कंपनी आमची आणि तुमच्या खुर्चीवर आमचा शिकलेला माणूस. तुमचं काम काय, अक्का, कुणीही करील."

अक्कांनी चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून करार वाचायला घेतला. अठराव्या कलमावर बोट थांबलं.

"मी धा वर्षं महाराष्ट्रात कुठंच मसाला करायचा न्हाई? ते का म्हणून?"

"नेहमीचंच आहे ते. तुम्ही शेजारी दुसरा कारखाना काढलात तर आमचा बसेल ना."

"माझं काम कुणीबी करील म्हणालासा. मग त्या कुणालाबी सोडून मलाच का बांधताय? एकतर हे कलम खोडा, न्हाईतर माझ्या खुर्चीचा आन् साठ टक्क्यांचा नाद सोडा."

साहेबांनी मुंबईला फोन लावला. बराच वेळ नुसतं 'हो सर' चाललं. मग त्यांनी पेन काढलं, खुर्चीचं कलम खोडलं आणि साठाचे चाळीस केले.

"आता जेवूनच जावा," अक्का म्हणाल्या. "आजची कढई मीच उतरवलीया."