न विचारलेली दारं

मंडळी, मला एवढं सांगा, भरवसा कोणावर ठेवावा? हसून ‘हो, हो’ म्हणणाऱ्यावर, की तोंडावर ‘नाही’ म्हणणाऱ्यावर? ‘छानच आहे, उद्या येतो’ म्हणून गेलेलं गिऱ्हाईक कोणत्या दुकानदाराला परत दिसलं आहे?

एका गावात नगरपालिकेची निवडणूक लागली. प्रभागातला दवाखाना दूर हलवण्याचा घाट घातला जात होता. तो वाचवावा म्हणून तिथल्याच निवृत्त परिचारिका शैलाताई उभ्या राहिल्या. शिवणकाम करणारी वनमाला आपणहून त्यांच्या प्रचारात उतरली. तिच्या आईच्या पायाची जखम त्याच दवाखान्यात धुतली जाई. दवाखाना गेला तर म्हातारीला न्यायचं कुठे? घरोघर कसं बोलावं, हे तिला आबा नावाच्या वृद्ध धान्यव्यापाऱ्याने शिकवलं होतं. मतदारांच्या यादीत नावापुढे बरोबरची खूण म्हणजे आपलं मत, फुली म्हणजे विरोधकाचं, प्रश्नचिन्ह म्हणजे पुन्हा जायचं.

बारा दिवस ती फिरली. आता प्रचाराची शेवटची संध्याकाळ उरली होती. शैलाताईंना एकाच गल्लीपुरता वेळ होता, आणि कुठे जायचं ते यादीवरून ठरणार होतं. वनमालाने यादी आबांपुढे ठेवली. तीनशे नावं, आणि जवळजवळ सगळ्यांपुढे बरोबरची खूण.

आबांनी पानं चाळली, पेन्सिल मागितली, आणि स्वतःच्याच नावापुढची खूण खोडून तिथे प्रश्नचिन्ह काढलं.

वनमाला उसळली. “थट्टा करताय, आबा? दोनदा चपलेचा अंगठा तुटला माझ्या! तुमचं मत आपलं नाही तर कुणाचं?”

“मला कुणी विचारलं?”

“तुम्हाला काय विचारायचं!”

“बरं, मला नको. माझ्या सुनेला विचारलंस? तिच्यापुढेही खूण आहे.”

“त्यांनी चहा दिला की.”

“चहा ती पलीकडच्यांनाही देते. नळाला पाणी आणेल त्याला मत, असं कालच म्हणाली.” आबांनी पान उलटलं. “अशा चहावर किती खुणा केल्यास?”

वनमाला खाली बघू लागली. “चहाचं जाऊ द्या, आबा. कुंभार गल्लीत मी गेलेच नाही. पाय सुजले होते. पारावर बसून चाळीस खुणा केल्या. वाटलं, शैलाताईंना धीर येईल.”

आबा रागावले नाहीत. “दमलीस, ते दिसतंय. दमणं हा दोष नव्हे. जागा कोरी ठेवली असतीस तर तिथे दुसरं कुणी गेलं असतं. तू खोटी खूण केलीस, आणि ते दार सगळ्यांनाच बंद झालं. ही यादी विरोधकाच्या डोळ्यांत धूळ फेकायला नसते, बाई. आपल्याच माणसाला वाट दाखवायला असते.”

वनमालाने चाळीस खुणा एकेक करून खोडल्या आणि शैलाताईंना सगळं सांगितलं. त्या चपला घालत म्हणाल्या, “चल.”

कुंभार गल्लीत सव्वीस दारं उघडली. “आत्ता आठवण झाली होय?” असं म्हणून एका म्हातारीने त्यांना उंबऱ्यावरच झाडलं. कुणी गटाराचं गाऱ्हाणं मांडलं. अकरा जणांनी शब्द दिला. वनमालाने अकराच खुणा केल्या. दवाखान्याचं काय ते मतमोजणीला कळणार होतं. पाय तर कालच्यापेक्षा जास्त दुखत होते. पण शैलाताईंनी यादी मागितली, तेव्हा तिचा हात अडखळला नाही.

मंडळी, थकवा कुणाला चुकला आहे? थकाल तेव्हा खुशाल जागा कोरी ठेवा. हिशेब तेवढा खरा ठेवा.