कुमुदताईंनी दोष सांगितला

‘बोला, उत्तर काय?’ ही टीव्हीवरची प्रश्नमंजूषा कऱ्हाडच्या कुमुदताई दाभोळे पहिल्या भागापासून न चुकता बघत. मुळगावकर नावाचे नवे निर्माते आले आणि प्रत्येक उत्तराआधी ढोल, धूर आणि जाहिराती सुरू झाल्या. ताई अगदी मेटाकुटीला आल्या. तक्रारी फारच वाढल्या, तेव्हा मुळगावकरांनी प्रेक्षकांना स्टुडिओत बोलावलं आणि ऐटीत सांगितलं, “एक जरी खरा दोष दाखवलात, तरी सगळं पूर्वीसारखं करतो.”

कुमुदताईंनी माईक घेतला. “दोष एकच आहे. तो म्हणजे...”

आणि त्या थांबल्या. पिशवीतून डबा काढून त्यांनी सावकाश एक चकली खाल्ली. मग शेजारच्या बाईंना अंगाच्या साबणाचे गुण सांगत बसल्या.

मुळगावकर खुर्चीच्या कडेवर आले. “अहो ताई, तो म्हणजे काय?”

“सांगते की. आधी जरा ढोल वाजू द्या.”

“ढोल कसला घेऊन बसलात? जीव टांगणीला लागलाय इथे. चटकन सांगून टाका ना.”

“हेच,” ताई म्हणाल्या, “आम्ही रोज टीव्हीला सांगतो.”

मुळगावकरांनी शब्द पाळला. पुढच्या सोमवारी प्रश्नापाठोपाठ उत्तर आलं. कार्यक्रम अर्ध्या वेळात संपला आणि उरलेल्या वेळात काय दाखवायचं, ते विचारायला त्यांनी ताईंनाच फोन केला.