गुडगुडणारी बरणी

एकदा काय झालं, समुद्राकाठी एक राजा आणि एक राणी राहत होती. राज्य अगदी एवढंसं, बरं का. स्वयंपाकपाणी राणीच करायची. त्यांची लेक मंजुळा दूरच्या बेटावर सासरी होती. तिला माहेरी आणायला राजा जहाज घेऊन निघणार होता. वाट लांबची. जहाजावर भाकरीबरोबर लोणचं हवंच. मागच्या खेपेला लोणच्याला बुरशी आली, खलाशी आजारी पडले आणि जहाज अर्ध्या वाटेतून माघारी आलं. लेक बिचारी वाट बघत राहिली.

म्हणून राणीनं नवस बोलला, "देवीआई, दोघं घरी येईपर्यंत मी मीठ खाणार नाही."

मग तिनं बरणीला हिंगाची धुरी दिली. लिंबं चिरली, हळद घातली, मोहरी घातली. वर फडकं बांधलं. आणि काय सांगू! सकाळी बरणी बोलायला लागली. गुडगुड, गुडगुड!

राणीनं तिला देवापुढे ठेवली. गुडगुड! मग थंडी वाजत असेल म्हणून शाल पांघरली. गुडगुड, गुडगुड! मग मांडीवर घेऊन अंगाई म्हटली, तर फडकं उडालं आणि फेस बाहेर आला.

अंगणातून राजा ओरडला, "अहो राणीसरकार, वारा चांगला सुटलाय! लोणचं झालं का?"

"होतंय हो, होतंय!" म्हणाली खरी, पण राणीचा जीव थाऱ्यावर नाही. आत जाते, बाहेर येते, पुन्हा आत. चिमे, तू कशाला पाय हलवतेस? निज बघू.

मग राणी रडवेली होऊन म्हणाली, "बाई गं, तुला हवंय तरी काय?"

बरणी फणकारली, "मीठ! मीठ तू सोडलंस, मी कुठे सोडलंय?"

अगं बाई! नवसाच्या धाकानं राणीनं मिठाला हातच लावला नव्हता. आताही तिचा हात थबकला. शिवलं तर नवस मोडेल. नाही घातलं तर लोणचं नासेल, आणि लेक पुन्हा वाट बघत बसेल.

मग तिनं हात जोडले. "आई, जीभ तुला दिली आहे. हात मात्र लेकीसाठी मोकळे ठेव."

आणि घातलं की ओंजळ ओंजळ भाजलेलं मीठ! लिंबू पिळलं. तेल तापवून गार केलं आणि फोडी बुडेपर्यंत ओतलं. बरणीनं एक जांभई दिली आणि गप्प झाली.

जहाज गेलं. राणी रोज किनाऱ्यावर जायची. लोणचं टिकलं असेल ना? तिनं चाखलंही नव्हतं.

मग एके दिवशी शीड दिसलं. खलाशी धडधाकट, राजा हसरा, आणि मंजुळा धावत आली. बोटं चाटतच, बरं का!

राणीनं आधी काय विचारावं? "खारट तर नाही ना झालं गं?"

"झालंय थोडं," मंजुळा तिच्या गळ्यात पडत म्हणाली, "पण सगळं संपलं."

मग सगळी एका पंगतीला बसली, पोटभर जेवली, सुखानं राहिली. चला, डोळे मिटा आता. देवीआई जागी आहे, आपण झोपायचं.