दांडीवरची मधली जागा

जंगल संपून जिथे शेतं सुरू होतात, तिथे एक घर होतं. त्या घरामागच्या खुराड्यात सहा कोंबड्या आणि एक कोंबडा राहत असत. आधीच सांगून ठेवतो मुलांनो, ही गोष्ट सांगताना माझा आवाज चढतो. चढला तर चढू दे, तुम्ही ऐकून घ्या.

खुराड्यात बांबूची एक आडवी दांडी होती. दिवस मावळला की सगळे त्या दांडीवर अंगाला अंग लावून बसत. कुणी कुठे बसायचं हे ठरलेलं होतं, आणि ते ठरवलं होतं चोचीने. जिची चोच जबर, ती मध्ये. मोठ्या तुऱ्याची एक लाल कोंबडी रोज बरोबर मधोमध बसे. तिला सगळ्याजणी बाईसाहेब म्हणत. बाईसाहेबांना खेटून कोंबडा. आणि अगदी टोकाला, दाराशी, एक करडी कोंबडी. येताजाता कुणीही टोचावं अशी ती गरीब. दाराची एक फळी निघाली होती. मालकिणीने तिथे गोणपाट लावलं होतं, खाली भाताचा पेंढा अंथरला होता. तिने तिच्या परीने सगळं केलं होतं. तरी गोणपाटाच्या फटीतून जो वारा घुसे, तो आधी करडीच्या पाठीवर आदळे. पुढच्यांपर्यंत तो पोचतच नसे.

त्या वर्षी थंडीने कहर केला. सकाळी पाण्याच्या कुंडीवर काचेसारखा पापुद्रा धरलेला असे. नेमकी त्याच दिवसांत करडीची जुनी पिसं झडली. कोंबड्यांची पिसं झडतात आणि नवी येतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही; पण हिची झडली ती भर पौषात. मान उघडी, पाठ उघडी, नवी पिसं नुसती खुंटांसारखी फुटलेली. तिसऱ्या दिवशी तिच्या तुऱ्याचं टोक काळं पडलं. आणखी दोन-चार रात्री दाराशी काढल्या तर आपण जगणार नाही, हे तिला कळून चुकलं.

संध्याकाळी ती म्हणाली, "बाईसाहेब, पिसं येईपर्यंत मला आत घ्या. नाहीतर दाराशी आळीपाळीने बसू. एकेकीच्या वाट्याला एकेक रात्र येईल, कुणी मरणार नाही."

"इथल्या जागा मी ठरवलेल्या आहेत," बाईसाहेब म्हणाल्या. "आणि आता विषय काढलाच आहेस तर सांगते. तू रात्रभर कुडकुडतेस, त्याने दांडी हलते. माझी झोपमोड होते."

ऐकलंत ना? हिच्या वाटचा वारा जी स्वतःच्या उघड्या पाठीवर घेत होती, तिच्या कुडकुडण्याचा हिला त्रास होत होता.

करडीने कोंबड्याकडे पाहिलं. रोज पहाटे अख्ख्या वस्तीला ओरडून उठवणारा हा बहाद्दर. तो घसा खाकरून म्हणाला, "शिस्त आहे बाई. मी काय बोलणार?" उरलेल्या चौघी पंखात चोची खुपसून बसल्या. बाईसाहेबांचा मला राग येतोच, पण या चौघींचा जास्त येतो. करडीचं म्हणणं त्यांना पटलेलं होतं. एकीने जरी "बरोबर बोलतेय ती" एवढं म्हटलं असतं, तरी पुरे होतं.

बाईसाहेबांनी करडीला टोचून टोचून दांडीवरून खाली पाडलं आणि खालच्या पेंढ्यातही बसू दिलं नाही. करडी गोणपाटाखालून बाहेर पडली. परस ओलांडून ती शेळीच्या छपराखाली कशीबशी पोचली. म्हातारी शेळी रवंथ करत बसली होती. तिने करडीच्या पाठीकडे पाहिलं.

"पोटाशी बस," शेळी म्हणाली. "आणि थरथरायचं तेवढं थरथर. मला काही होत नाही."

दिवसा सगळे परसात एकत्र दाणे टिपत. संध्याकाळ झाली की बाईसाहेबांचा अंमल सुरू. दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी ठिपकेदार कोंबडीला हुकूम सोडला, "आजपासून तू दाराशी." म्हणजे बघा, दाराशी कुणीतरी लागतंच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ठिपकेदार निमूट दाराशी बसली, कुडकुडायला लागली, दांडी हलली, आणि तीही टोचे खाऊन शेळीकडे आली. करडीला पाहून तिने मान खाली घातली.

"काल कुठे होती तुझी चोच?" करडी तिच्यावर उसळली. "पंखात ना?"

 ठिपकेदारचे पाय थंडीने आखडले होते. करडीने त्या पायांकडे पाहिलं. मग सरकली.

"ये. आधी बाहेरच्या बाजूला बस. पाय बधिर झाले की सांग, मी बाहेर येईन, तू आत जा. इथे असंच चालतं."

करडीचा राग गेला नव्हता. उगाच कुणी तिला देवमाणूस करू नका. ती रागातच होती आणि रागातच तिने जागा दिली.

मग रोज संध्याकाळी एकेक जण येत गेली. सगळ्यांत शेवटी आला कोंबडा. "मी तर पहिल्यापासून म्हणत होतो, की हे काही बरोबर नाही," त्याने सुरू केलं.

"बाहेरच्या बाजूला," करडी म्हणाली. तो मुकाट्याने बाहेरच्या बाजूला बसला.

पुढच्या संध्याकाळी दांडीवर बाईसाहेब एकट्या. वारा थेट अंगावर येऊ लागला. थोडा वेळ त्यांनी दम धरला, मग उठून शेळीच्या छपराशी आल्या. मोठा तुरा कडेने काळा पडत चालला होता.

"सरका," त्या म्हणाल्या. "मला मध्ये बसायचं आहे."

"या," करडी म्हणाली. "पण आधी बाहेरच्या बाजूला. थोड्या वेळाने आत घेऊ. इथे सगळ्यांची पाळी येते."

"मी बसू बाहेर?"

"मीही बसते. मला तर अजून पुरती पिसंही नाहीत."

"बस गं बये," शेळी म्हणाली. "मरशील." कोंबड्यानेसुद्धा अंग आकसून जागा केली. सगळे वाट बघत होते. बाईसाहेबांनी मान ताठ केली आणि आल्या तशा परत गेल्या.

सकाळी मालकिणीने गोणपाट बाजूला केलं. दांडी या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी होती. तिच्या बरोबर मध्याखाली, पेंढ्यात, बाईसाहेब पाय ताठ करून पडल्या होत्या.

तात्पर्य : मधली जागा उबदार असते ती टोकाला कुणीतरी वारा झेलत असतं म्हणून. त्याला हाकलणाऱ्याने आणि ते गप्प बसून बघणाऱ्यांनी एवढं समजून असावं, की आता त्या टोकाला आपल्यालाच बसायचं आहे.