तानूबाईचा अंगठा

रावबहादूर गंगाधरपंतांना पदवी कशी मिळाली, ते आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पहिल्या महायुद्धात त्यांनी तालुक्यातली दोनशे पोरं भरती करून इराकात बसऱ्याच्या लढाईवर धाडली. स्वतः मात्र वेशीबाहेर पाऊल टाकलं नाही.

पुढे पंत म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष झाले, आणि गावातल्या बायका मतदानाचा हक्क मागायला त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. अर्जावर नव्वद अंगठे होते. पंतांनी तो दोन बोटांनी उचलला.

"या अंगठाबहाद्दर बायका मत देणार? आपण कशावर अंगठा लावतो, ते तरी कळतं का यांना? असल्या अंगठ्याला काडीची किंमत नाही!"

"हे सभेच्या वहीत लिहा आणि खाली सही करा," सगळ्यांत पुढे उभी असलेली तानूबाई सणस म्हणाली.

पंतांनी हसत हसत लिहिलं आणि झोकात सही ठोकली.

तानूबाईने कनवटीचा कागद काढून त्याच वहीवर आपटला. "आता हा वाचा. माझा गेनू सतरा वर्षांचा होता, बाप वारलेला. भरतीला आईची संमती हवी म्हणून तुम्हीच माझा हात धरून इथं अंगठा उठवलात. त्या अंगठ्याला किंमत नाही ना? मग बसऱ्याला मेलेला माझा पोरगा परत आणा!"

पंतांनी कागद उचलला, खालचा अंगठा पाहिला आणि तो परत वहीवर ठेवला.

"नाही ना आणता येत? मग हे नव्वद अंगठेही खरे धरा. आणि पुढच्या लढाईला पोरं न्यायच्या आधी आम्हाला विचारा."

पंतांनी वही ओढली आणि स्वतःच्या हाताने स्वतःची सही खोडली.