चिमाई तांबटीण आणि पाय सोडून बसलेली तारा

फार वर्षं झाली. खाडीच्या तोंडाशी अजून दिवा लागत नव्हता आणि गलबतं डोंगराची खूण धरून बंदराला येत, त्या काळात जुईखार गावात चिमाई नावाची एक तांबटीण राहत होती. नवरा लवकर गेला, पण त्याची ऐरण आणि हातोडा तिने कुणाला दिला नाही. गळक्या घागरीला डाग द्यायचा, चेपलेली कळशी सरळ करायची, यावर तिचं पोट चाले. हात मोठा कुशल होता आणि जीभ हाताहून तिखट. असं म्हणतात, की जुईखारात कोंबडा आरवायच्या आधी चिमाई कुणावर तरी करवादलेली ऐकू येई.

एका वर्षी गलबतातून एक म्हातारा भिक्खू उतरला. अंगात ताप होता आणि छातीशी कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. कुणी त्याला ओसरी देईना. चिमाईने त्याला घरात घेतलं, महिनाभर पेज पाजली आणि महिनाभर त्याच्यावर चिडचिड केली. "जेवा म्हटलं तर हात जोडता, निजा म्हटलं तरी हातच जोडता. बरं कसं वाटेल?"

बरं वाटलं तेव्हा त्याने ते कापड सोडलं. आत वीतभर उंचीची पितळेची मूर्ती होती. कमळावर बसलेली बाई. उजव्या हाताचा तळवा पुढे उघडलेला. डाव्या हाताच्या बोटांत कमळाचा देठ, त्यावर एक कळी आणि एक उमललेलं फूल. डावा पाय मांडी घातल्यासारखा आत, उजवा मात्र आसनावरून खाली सोडलेला.

"ही तारा," मोडक्यातोडक्या मराठीत भिक्खू म्हणाला. "उघडा हात देणारा. फूल आजचं, कळी उद्याची. आणि पाय खाली, कारण कुणी हाक मारली की उठायला वेळ लागू नये."

चिमाईने मूर्ती हातात घेतली. तिने जन्मभर पितळ हाताळलं होतं, पण असं घडवलेलं पितळ पाहिलं नव्हतं. ओठांच्या कडा, पापण्या, नखंसुद्धा कुणीतरी केसाएवढ्या टोकाने कोरली होती.

"घासू नकोस," भिक्खू म्हणाला. "जुनं मऊ कापड, कोरडं. एवढंच. वस्त्राच्या घड्यांतला काळेपणा राहू दे, ते तिचं वय आहे. मी परत येईपर्यंत सांभाळ."

तो पुढच्या गलबताने गेला. परत आला नाही. चिमाईने मूर्ती भट्टीपासून दूर, कोरड्या कोनाड्यात ठेवली आणि रोज सकाळी आपल्या जुन्या लुगड्याच्या धडप्याने ती पुसू लागली.

इथवर सगळं ठीक होतं. मग शेजारच्या सोनकीची सून अडली. सोनकीने धावत येऊन कोनाड्यापुढे डोकं टेकलं आणि तासाभरात सून सुखरूप मोकळी झाली. झालं! दुसऱ्या दिवशी सगळं गाव चिमाईच्या दारात.

कुणी दूध ओतलं, कुणी नारळाचं पाणी, कुणी कुंकवात तूप कालवून कपाळावर थापलं. खाऱ्या वाऱ्याचा गाव तो. आठ दिवसांत तारेच्या गळ्याभोवती हिरवा थर चढला. देवी काळवंडली म्हणून बायका चिंच आणि राख घेऊन बसल्या आणि त्यांनी तिला लख्ख केलं. पुन्हा दूध, पुन्हा हिरवा थर, पुन्हा चिंच.

"अगं, घासायला ती काय तपेली आहे?" चिमाई ओरडे. "चिंचेने मळ निघतो तसं पितळही निघतं. तिच्या पापण्या गेल्या बघ!"

"तुला मेलीला देवाधर्माचं काही नाही," बायका म्हणत आणि आणखी जोर लावत. चार वर्षांत तारेचे ओठ पुसट झाले. सहा वर्षांत नाक सपाट झालं. प्रत्येक पौर्णिमेला ही घासाघाशी झाली की चिमाईला वाटे, की आज आपल्याच चेहऱ्याचं काहीतरी खरवडून नेलं.

तेवढ्यावर भागलं असतं तरी तिने सोसलं असतं. पण गावचे खोत विसाजी एकदा मूर्तीपुढे बसले, बराच वेळ निरखून पाहत राहिले आणि एकदम उठले.

"अरे, हिचा एक पाय खाली आहे! देवी निघाली आहे. दुसऱ्या गावाला चालली आहे!"

गावात हाहाकार उडाला. चिमाईने कपाळावर हात मारला. "विसाजीराव, ती जायला नाही निघालेली. यायला निघाली आहे! कुणी हाक मारली तर पटकन उठता यावं म्हणून पाय खाली आहे. तो बुवा मला स्वतः सांगून गेलाय."

"बुवा परत आला का?" खोतांनी विचारलं.

"नाही आला."

"बघा! गेलेला परत येत नसतो."

खोतांनी तांब्याची तार मागवली आणि तारेचा उजवा पाय आसनाला करकचून बांधला. मग मूर्ती सागवानी पेटीत घालून आपल्या घरी नेली. किल्ली त्यांच्या कनवटीला. चिमाईला महिन्यातून एकदा पुसायची परवानगी मिळाली, तीसुद्धा खोतीणबाईंच्या नजरेसमोर. त्या तांब्याच्या तारेखाली ओल साचून घोट्यावर हिरवी रेघ उमटली होती. चिमाई ती रेघ पुसे आणि पुटपुटत घरी जाई. असं म्हणतात, की त्या वर्षी तिने सरळ केलेल्या एकूण एक कळशीवर हातोड्याचे घाव जरा जास्तच खोल आहेत.

मग ती श्रावणातली अमावास्या आली. गावाची भातशेती खाडीलगतच्या खाजणात, सखल खारजमिनीत होती आणि खारं पाणी अडवायला मातीचा लांबलचक बांध होता. त्याची डागडुजी दोन वर्षं झाली नव्हती, कारण गावाला आता देवी होती. भर दुपारी उधाण आलं आणि बांध फुटून त्याला खांड पडली. आत वीस-पंचवीस बायका गुडघाभर चिखलात भाताची बेणणी करत, तण उपटत होत्या. पाणी त्यांच्या भोवती भरू लागलं.

बातमी आली तशी पुरुषमंडळी धावत सुटली. कुठे? बांधावर नाही, खोतांच्या घरी! पेटी उघडली, आरती सुरू झाली, घागरभर दूध आलं. चिमाई हातातली कळशी टाकून तिथे पोचली, तेव्हा सोनकीचा मुलगा लोटांगण घालत होता आणि त्याची बायको खाजणात होती.

चिमाईच्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं.

"शहाण्यांनो!" ती गरजली. "बोलावता तिला आणि पाय कुणी बांधलाय? तुम्हीच ना?"

तिने कमरेची पत्रा कापायची कात्री काढली आणि तार कचकन तोडली. मूर्ती काखेत मारली आणि ती पायऱ्या उतरून चालू लागली.

"चोर! देवी पळवली!" खोत किंचाळले. सगळं गाव तिच्यामागे धावलं. म्हातारी पुढे, गाव मागे. शेताच्या मेरेवरून, चिंचेखालून, थेट बांधावर. खांडीपाशी ती थांबली. तिने मूर्ती धडप्यात गुंडाळून उंचावरच्या कोरड्या दगडावर ठेवली, स्वतः पाण्यात उतरली आणि वळली.

"आलात ना सगळे? आता दगड उचला!"

खोत धापा टाकत काहीतरी बोलणार होते. तिने मातीची टोपली त्यांच्या हातात कोंबली.

असं म्हणतात, की चिमाई खांडीत उभी राहिली आणि पाणी तिच्या गुडघ्यापाशी थबकलं. घटकाभर ना चढलं, ना उतरलं. तेवढ्यात दगड पडले, पेंढ्या पडल्या, माती पडली. काही जण दोर घेऊन आत गेले आणि एकूण एक बाईला बाहेर घेऊन आले. सोनकीची सून शेवटी आली. ती म्हणाली, की दोर पोचायच्या आधीच एका अनोळखी बाईने तिचा हात धरून ठेवला होता. सावळी, हिरवट अंगाची बाई. चेहरा नीट दिसला नाही, नाक डोळे पुसट होते.

खोतांनी धडपं बाजूला केलं. तारेचा उजवा पाय घोट्यापर्यंत ओल्या चिखलाने माखला होता.

गाव गुडघ्यांवर बसलं. कुणीतरी दूध आणायला धावलं.

"ए, दूध नको!" चिमाई वैतागून म्हणाली. "मीच चिखलात ठेवली होती तिला. चिखल लागणारच. चला, बांध अजून अर्धा राहिलाय."

संध्याकाळी घरी आल्यावर तिने कोनाडा झाडला, मूर्ती मांडीवर घेतली आणि कोरड्या धडप्याने तो पाय पुसायला घेतला. मूर्ती आपण दगडावर ठेवली होती, कोरड्या, हे तिला चांगलं आठवत होतं. असं म्हणतात, की त्या दिवशी उरलेला वेळ चिमाई कुणावरच करवादली नाही.

खोतांनी नंतर तारेला नवं नाक बसवायचं म्हटलं. चिमाईने नकार दिला. "झिजलं ते झिजलं. नवा चेहरा कराल तर ती कुणी दुसरीच होईल. हिला ओळखतो ना आपण?"

पुढे चिमाईही गेली. कुणी म्हणतं, भिक्खू गलबत घेऊन आला आणि तिला सोबत घेऊन गेला. कुणी म्हणतं, कोनाड्यासमोर बसल्या बसल्या तिने मान टाकली.

जुईखारात श्रावणातल्या अमावास्येला आजही चिमाईचा दिवस पाळतात. सकाळी गाव आधी बांधावर जातं, भेगा बुजवतं, मगच तारेकडे येतं. गावातली सर्वांत म्हातारी बाई मूर्ती पुसते. पाय मोकळा असतो. आणि त्या दिवशी म्हाताऱ्या बायकांनी कुणालाही रागवावं, अगदी सरपंचालाही, असा रिवाज आहे. उलट उत्तर द्यायचं नाही. मान खाली घालून ऐकायचं आणि टोपली उचलायची.