कवडी कोंबडीचे तीन थेंब

एकदा काय झालं... अरे, गोधडी ओढू नका एकमेकांची! दोघांना पुरून उरेल एवढी मोठी आहे ती. हं, पडा आता सरळ.

तर एकदा काय झालं, समुद्राच्या काठी सातखोल नावाचं एक गाव होतं. खाडी समुद्राला मिळते ना, अगदी तिथं. आणि खाडीच्या तोंडाशी होते काळे काळे खडक. भरतीला पाण्याखाली, ओहोटीला वर. लोक त्यांना सुसरीचे दात म्हणायचे. होडी त्यावर आदळली की संपलंच.

त्या गावात द्वारकी नावाची एक बाई राहायची. घरात ती आणि तिचा मुलगा धाकू, दोघंच. धाकू होडी घेऊन समुद्रात जायचा, द्वारकी मासे सुकवायची. बाई कामाला वाघ, बरं का, आणि मनानं लोणी. पण जीभ! जिभेला हाडच नव्हतं तिच्या. एक वाक्य 'मेले' नाही तर 'मेल्या' शिवाय पुरं व्हायचं नाही. "ये रे मेल्या, जेवायला बस." "काय गो मेले, किती वाळलीस!" देवापुढं दिवा लावतानासुद्धा म्हणायची, "पेट गो मेले वाती!"

हसताय काय मेल्यांनो? लाडाचा शब्द आहे तो आपल्याकडं. ज्याच्यावर जीव असतो त्यालाच म्हणायचं. परक्याला कोण म्हणतंय?

द्वारकीची एक कोंबडी होती. पांढरीशुभ्र, अंगावर तपकिरी ठिपके. म्हणून तिचं नाव कवडी. दिसायला साधीच, पण साधी नव्हती हो. समुद्रावर धुकं पडलं की कवडी टुणकन छपरावर चढायची आणि ओरडायची, "कट् कट् कटाSSक!" तो आवाज सात खाड्या ओलांडून जायचा. धुक्यात होडीवाल्यांना स्वतःचा हात दिसत नसे. पण कवडी ओरडली की आवाजाकडं होडीचं तोंड करायचं आणि खुशाल वल्ही मारायची. सुसरीचे दात राहायचे बाजूला आणि होडी यायची थेट घरच्या वाळूवर.

एका थंडीत धाकू निघाला. बरोबर गावातले तिघं. म्हणाला, "येतो गं आई. आठ दिवसांत परत."

"ये रे मेल्या," द्वारकी म्हणाली, आणि होडी दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली.

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी बघते तर कवडी कोपऱ्यात पिसं फुगवून बसलेली. दाणा नको, पाणी नको. द्वारकी म्हणाली, "खुडूक झाली वाटतं मेली." खुडूक म्हणजे काय माहीत आहे? कोंबडीला अंडी उबवायची लहर येते. मग खाली अंडी असोत नसोत, ती बसूनच राहते. त्याला आपल्याकडं एकच उपाय, गार पाण्यात बुचकळायचं. द्वारकीनं पदर खोचला, कवडीला उचललं आणि हौदात एकदा बुचकळलं, दोनदा बुचकळलं, तीनदा बुचकळलं.

पण कवडी खुडूक नव्हतीच! आजारी होती बिचारी. आधीच ताप, त्यात ते गार पाणी. संध्याकाळपर्यंत ती थडथड कापायला लागली. घशातून नुसती घरघर. ओरडायला गेली तर चोच उघडली आणि वाराच निघाला.

आणि दुसऱ्या दिवशी समुद्रावर धुकं पडलं. असं दाट, की अंगणातला माड दिसेना. धाकूची परतायची वेळ जवळ आलेली, समोर सुसरीचे दात, आणि कवडीला आवाज नाही. "मीच बुचकळली गो तिला," द्वारकी म्हणाली, "माझ्याच हातानं."

मग रडत बसली का ती? छे! कवडीला टोपलीत घातलं, वर फडकं टाकलं आणि खाडीच्या वरच्या अंगाला चालू लागली. तिथं झाडीत बगळाई राहायची. बगळाई म्हणजे पाखरांची वैदीण. तिच्या दारात बघावं तर कोण कोण बसलेलं! लंगडा बगळा, पंख मोडलेली घार, पडसं झालेला खंड्या, सगळे आपापली पाळी धरून. बगळाईनं कवडीची चोच बघितली, डोळे बघितले, पोटाला कान लावला.

"वाचेल," ती म्हणाली. "तीन थेंब देते. रोज सकाळी एक, तोंडावाटे. बदाबदा ओतायचं नाही हो, श्वासाच्या नळीत गेलं तर जीवच जाईल. चोचीच्या कडेला थेंब लावायचा आणि तिचा तिला गिळू द्यायचा."

"एवढंच ना?" द्वारकी म्हणाली.

"एवढंच नाही. हे औषध शब्दावर चालतं, बाये. देताना तुझ्या तोंडून जो शब्द निघेल, तसं ते वागेल. गप्प राहून दिलंस तर नुसतं पाणी. बरा शब्द बोललीस तर बरं होईल. वाईट बोललीस तर..." बगळाईनं मान हलवली आणि एका शिंपल्यात मोजून तीन हिरवे थेंब दिले.

कळलं ना पुढं काय होणार? गप बसा, मला सांगू द्या.

पहिली सकाळ. द्वारकीनं गवताच्या काडीवर एक थेंब घेतला. पण कवडीला औषधाचा वास आला आणि ती आजारी मेली... बघा, माझ्याही तोंडात आलं! ती आजारी कवडी उठून पळत सुटली की हो! चुलीमागं गेली, पाट्याआड गेली, सुकट वाळत घातली होती ती सगळी तुडवली. द्वारकी मागं, कवडी पुढं. शेवटी धरली एकदाची कणगीच्या मागं. तर चोच घट्ट मिटलेली. द्वारकीला दम लागलेला, तोंडाला राख लागलेली. ती ओरडली, "उघड गो मेले तोंड!"

कवडीनं दचकून तोंड उघडलं. थेंब आत गेला. आणि बघता बघता तिचा लालभडक तुरा काळा पडला. पाय बर्फासारखे गार झाले. औषधानं शब्द ऐकला होता ना!

द्वारकीनं स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. दिवसभर ती घरात चांगलं बोलायची सवय करत होती. केरसुणीला म्हणाली, "ये गो माझे राणी." मडक्याला म्हणाली, "बस हो बाळा." शेजारीण दारातनं बघून घाबरून परत गेली.

दुसरी सकाळ. आज मागं धावायचं नाही असं तिनं ठरवलं. मऊ भात केला, त्यात चिमूटभर जवळा, ती बारकी सुकी कोळंबी, घातला, कवडीला आवडायचा म्हणून, आणि भाताच्या एका गोळीत थेंब मुरवला. ताटली पुढं ठेवून म्हणाली, "खा गो माझे सोने. बरी हो गो माझे चिमणे." किती गोड! कवडी मान वाकडी करून बघत राहिली. मग एकेक जवळा वेचून खाल्लान. भात तसाच! द्वारकीनं दात आवळले पण बोलली नाही. भाताची ती गोळी बोटावर घेऊन तिनं चोचीशी नेली. "घे गो बाय. घे गो..."

आणि कवडीनं काय करावं? गोळी घेतली ती अंगठ्यासकट! अशी कचकन टोचली की रक्तच आलं.

"आई गंSS! टोचते बघ मेली!"

झालं. गोळी तेवढ्यात घशाखाली गेलेली. कवडीची मान लटकन खाली पडली, डोळ्यांवर पडदा आला. छातीत थोडी धुगधुगी, एवढंच उरलं. आणि बाहेर धुकं तसंच. आठवा दिवस उजाडून मावळला, धाकूचा पत्ता नाही.

तिसरी सकाळ आली. शिंपल्यात एकच थेंब राहिलेला. द्वारकी त्याच्यापुढं बसली आणि पहिल्यांदा ढसाढसा रडली. म्हणाली, "माझा लेक बाहेर धुक्यात आहे आणि माझी जीभ इथं त्याच्या वाटेवर बसली आहे. मी कितीही ठरवलं तरी ती तेच बोलणार. मग थेंब मुक्यानंच देते. पाणी झालं तर झालं, विष तरी होणार नाही. निदान माझ्या तोंडानं तरी मरायला नको ही."

लोक म्हणतात ना, मिठाची गुळणी धरून बसला, म्हणजे गप्प बसला? द्वारकीनं ती खरोखरची धरली. मूठभर मीठ पाण्यात कालवलं आणि दोन्ही गाल फुगवून गुळणी तोंडात धरली. आता बोलायचं म्हटलं तरी बोलता येणार नव्हतं.

मग तिनं जुन्या लुगड्याच्या मऊ पदरात कवडीला गुंडाळलं. पंख आत, पाय आत, नुसतं डोकं बाहेर. मांडीवर घेतलं. काडीवर थेंब घेतला आणि चोचीच्या कडेला लावला. कवडीनं चोच मिटून घेतली. मरायला टेकली तरी हट्ट काही सोडला नव्हता. पण आज द्वारकीला घाई नव्हती. ती थांबली. ओरडता तर येतच नव्हतं, दुसरं करणार काय? एका बोटानं ती कवडीचा गळा वरून खाली चोळत राहिली. हळू, अगदी हळू. तोंडात मीठ झोंबत होतं, डोळ्यांतून पाणी गळत होतं. धुक्यातला पांढुरका उजेड उंबऱ्यावर आला, उंबऱ्यावरून आत आला. थेंब तसाच चोचीच्या कडेला.

मग कवडीचा जीव जरा निवला. तिनं चोच थोडी उघडली. जीभ बाहेर आली, थेंबाला लागली. आणि तिनं तो गिळला.

काही झालं नाही. होणार कसं? शब्दच नव्हता ना. द्वारकीनं डोळे मिटून घेतले.

पण औषध होतं कडूजहर! ते गेलं कवडीच्या नाकात. कवडीनं डोकं झटकलं, एकदा झटकलं, दोनदा झटकलं, आणि... फिच्! शिंकली की हो! ती शिंक थेट द्वारकीच्या नाकावर. द्वारकी दचकली आणि तोंडातली सगळी गुळणी भस्सकन भिंतीवर उडाली. तोंड झालं मोकळं.

आणि काय बोलली ती? सांगा बरं.

मेले? नाही! निमू, तुला शिंक आली की मी काय म्हणते? हां, शाब्बास. शतंजीव. शंभर वर्षं जग. धाकू एवढासा होता तेव्हापासून, त्याला शिंक आली की द्वारकी तेच म्हणत आली होती. रागात असली तरी, झोपेत असली तरी. तेसुद्धा तिच्या हाडामासी मुरलेलं होतं. तिनं ठरवलं नाही, विचार केला नाही. आपसूक निघालं.

"शतंजीव गो माझे बाय!"

औषधानं ऐकलं. तुऱ्याच्या टोकाला लाली आली, ती खाली पसरत गेली. पाय ऊबदार झाले. डोळे उघडले. पदरातून एक पंख बाहेर आला, मग दुसरा. कवडी उठली, अंग झाडलं, द्वारकीच्या डोक्यावर पाय देऊन फडफड करत छपरावर गेली आणि छाती भरून ओरडली, "कट् कट् कटाSSक!"

पहिली खाडी ओलांडली आवाजानं, दुसरी ओलांडली, सातवी ओलांडली. कवडी ओरडत राहिली आणि द्वारकी वाळूवर धावत गेली. धुक्यात काही दिसेना. दुपार झाली. आणि मग ऐकू आलं, वल्ह्याचं पाणी. चुबुक, चुबुक. धुक्यातून होडीचं टोक बाहेर आलं, सुसरीच्या दातांना चुकवून, अगदी सरळ. होडीत चारही जण. सुकलेले, भुकेले, पण धडधाकट.

द्वारकी कमरेएवढ्या पाण्यात शिरली आणि तिनं धाकूला मिठी मारली. मग म्हणाली, "चार दिवस आवाज नव्हता रे कवडीचा. तुम्ही केलंत काय? खडकांवर नाही आलात?"

धाकू म्हणाला, "काही केलं नाही. नांगर टाकून बसलो. हे तिघं म्हणत होते, चल, अंदाजानं जाऊ. मी म्हटलं, थांबा. घरी माझी आई आहे. ती काही तरी करून कवडीला ओरडायला लावेल. ती लावेपर्यंत मी वल्हं उचलत नाही."

ओल्या पदरानं द्वारकीनं लेकाचं तोंड पुसलं आणि त्याचा हात धरून घरी घेऊन गेली. मग तिनं भात टाकला, बांगडे भाजले. चौघं पोटभर जेवले. कवडीला वाटीभर जवळा मिळाला, औषधाशिवायचा. धुकं विरलं, होड्या जात राहिल्या, येत राहिल्या, आणि सातखोलची माणसं पुढं पुष्कळ वर्षं सुखानं नांदली.

संपली गोष्ट. कवडी कधीच निजली खुराड्यात मान खुपसून. आता तुमचे दोघांचे डोळे मिटलेले दिसू देत मला. निजा रे बाळांनो, शतंजीव.